आज टॉवर उभे आहेत त्या पिंपळे सौदागरचा एकेक तुकडा एका इंग्रजाने १९१७ मध्ये लिहून ठेवलाय

संध्याकाळी सातच्या सुमारास पिंपळे सौदागरच्या शिवार चौकातून गाडी बाहेर काढून दाखवायची, हे तिथल्या लोकांचं रोजचं युद्ध. हिंजवडीहून परतणाऱ्या कॅब, डिलिव्हरीवाल्यांच्या बाईक, सोसायट्यांच्या गेटवर लागलेली रांग. चौकाचं नाव शिवार. हे नाव रुळलं तिथल्या एका हॉटेलमुळे. पण शिवार म्हणजे गावची शेतजमीन, आणि हा शब्द आता त्या गावात फक्त चौकापुरता उरलाय.

याच गावच्या खऱ्या शिवाराची एक नोंदवही आहे. तुकडे किती, कुणाचे, केवढे, त्यात काय पिकतं, घरात किती माणसं, वर्षाच्या शेवटी हातात काय उरतं, हे सगळं त्यात लिहिलंय. लिहिणारा तलाठी नव्हता, मामलेदार नव्हता. तो होता एक इंग्रज केमिस्ट. आणि गंमत म्हणजे त्याच माणसाने त्याच्या आधी इंग्लंडमधलं एक खेडंही असंच घरोघर जाऊन मोजलं होतं.

फेसबुकवर 'जुनं पिंपरी-चिंचवड' असं काही दिसलं की लाइक केल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, त्यांनी ही गोष्ट माहिती करून घ्यायला हवी. कारण आपल्या आठवणीतलं गाव आणि या माणसाच्या वहीतलं गाव, दोन्ही एकच आहेत. तरी त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

कोण होता हा माणूस?

नाव हॅरॉल्ड मान. जन्म १८७२ चा. शिक्षण रसायनशास्त्राचं. तरुणपणी इंग्लंडमधल्या वोबर्न इथल्या शेती संशोधन केंद्रात काम केलं. १९०० मध्ये ते भारतात आले ते चहाच्या मळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. पुढे मुंबई इलाख्याचे शेती संचालकही झाले.

माती आणि खत हा त्यांचा धंदा. पण त्यांना एक जास्तीची खोड होती. माती तपासून झाली की ती माती कसणाऱ्या माणसाचं पोट भरतं का, हे त्यांना बघायचं असायचं.

ही खोड इंग्लंडातूनच आली. तिकडे सीबोम राउंट्री नावाच्या माणसाने १८९९ मध्ये यॉर्क शहरातली घरं तपासली होती. माणसाला नुसतं जगायला किमान किती पैसे लागतात, त्याचा हिशोब त्याने मांडला आणि किती कुटुंबं त्या रेषेच्या खाली आहेत ते मोजलं. आज आपण ज्याला दारिद्र्यरेषा म्हणतो, त्या कल्पनेचं हे सुरुवातीचं रूप.

मान यांनी तेच गणित खेड्याला लावलं. बेडफर्डशायरमधलं रिजमाँट हे गाव निवडलं. वस्ती जेमतेम साडेचारशेच्या वर. वोबर्नच्या अगदी जवळ. इंग्रजी कवितांत असतं तसं देखणं खेडं. निष्कर्ष मात्र देखणा नव्हता. गावातले साधारण एक तृतीयांश लोक किमान गरजाही भागणार नाहीत इतक्या उत्पन्नावर जगत होते. म्हणजे धुराने काळवंडलेल्या यॉर्क शहरापेक्षा हे हिरवंगार खेडं जास्त गरीब निघालं. हा अभ्यास १९०४-०५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

त्यानंतर काही वर्षांनी हाच माणूस आपल्या पवनेकाठच्या एका गावात आला.

गाव निवडलं पिंपळे सौदागर

कॉलेजपासून गाव फार लांब नव्हतं. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या मराठी सहकाऱ्यांना घेऊन मान यांनी पिंपळे सौदागर अक्षरशः उलगडून पाहिलं. गावाचा उतार कुठे, पाणी कुठून येतं, विहिरी कशा आहेत, जमीन काळी कुठे आणि हलकी कुठे, कोणतं पीक, किती जनावरं, कुणावर किती कर्ज. १९१७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. नाव साधं होतं, 'दख्खनच्या एका खेड्यातली जमीन आणि मजुरी' अशा अर्थाचं. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालिकेतलं ते पहिलं पुस्तक.

भारतातल्या एका खेड्याचा इतका बारकाईने केलेला अभ्यास तोवर विरळाच होता. त्याआधी, अगदी पेशवाई बुडाल्यावर लगेच, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची माहिती लिहिली होती. ती १८२३ मध्ये छापली गेली. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. त्यात गावची व्यवस्था कशी चालते ते सांगितलंय, पण ते कुणा एका गावाचं पुस्तक नाही. मान यांनी एकच गाव घेतलं आणि ते तळापर्यंत खणलं.

त्यातले काही आकडे पुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी ते गावाचं नाव न वाचताच पाठ केले असतील.

पेशवेकाळातल्या कागदांवरून मान यांनी काढलं की १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई संपली तेव्हा, ती साडेसतरा एकरांवर आली. आणि मान गावात आले तेव्हा, १९१४-१५ मध्ये, सरासरी उरली होती ७ एकर. खातेदार १५६. जमिनीचे तुकडे सातशेहून जास्त. त्यातले ४६३ तुकडे एका एकरापेक्षाही लहान.

एवढे तुकडे झाले कसे?

नुसतं 'भाऊ वाढले, वाटण्या झाल्या' हे उत्तर अर्धवट आहे. खरी मेख वाटणीच्या पद्धतीत आहे.

समजा एका घरात बारा एकर जमीन आहे. चार एकर नदीकाठची, चार विहिरीखालची, चार माळावरची. भाऊ चार. सोपी वाटणी म्हणजे प्रत्येकाने सलग तीन एकर घ्यावी. पण नदीकाठची जमीन एकाला दिली तर माळावरचा भाऊ का ऐकून घेईल? म्हणून मग नदीकाठचा एक एकर, विहिरीचा एक एकर, माळाचा एक एकर, असं चौघांना सारखं. वाटणी न्यायाची झाली, कुणी कुणाला बोलायला जागा नाही. पण बारा एकरांचे झाले बारा तुकडे, तेही तीन दिशांना. पुढच्या पिढीत प्रत्येकाला तीन मुलगे झाले की हिशोब ३६ वर.

तुकडा लहान झाला की बांध वाढतात. बांध आला की भांडण आलं. एवढ्याशा तुकड्यात स्वतःची विहीर खणणं परवडत नाही. बैलजोडी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेण्यात निम्मा दिवस जातो. जमीन तीच, पाऊस तोच, आणि घर मात्र खाली चाललेलं.

मान यांनी मग राउंट्रीचा तोच प्रश्न विचारला: या गावात किती घरांचं भागतं? त्यांनी १०३ कुटुंबांचा हिशोब मांडला. निव्वळ स्वतःच्या जमिनीवर नीट जगू शकतील अशी कुटुंबं निघाली ८. जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून भागतं अशी २८. आणि दोन्ही करूनही भागत नाही अशी ६७. म्हणजे शंभरातली ६५ घरं तोट्यात.

यानंतर त्यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला, तो १९२१ मध्ये आला. पुण्यापासून लांब, कोरडवाहू गाव. तिथे हे प्रमाण ८५ टक्के निघालं. पुण्याच्या जवळ असणं म्हणजे पिंपळ्याला थोडाफार आधार होता. आणि खडकीला तर १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होताच.

म्हणजे 'पूर्वी गाव सुखी होतं' हे खोटं?

इथे जरा थांबायला हवं. कारण सोशल मीडियावर जुन्या गावाची पोस्ट पडली की खाली ठरलेल्या कमेंट येतात. तेव्हा पैसा नव्हता पण समाधान होतं. घरचं दूध होतं. पवनेचं पाणी ओंजळीने प्यायचो. कंपन्या आल्या, बिल्डर आले आणि सगळं गेलं.

मान यांची वही सांगते की एकही कंपनी यायच्या चाळीस वर्षं आधी हे गाव शेतीवर जगू शकत नव्हतं. कारखान्यांनी भरल्या घरातून माणसं ओढून नेली असं चित्र आपण रंगवतो. पण तरुण माणसं बाहेरच्या कामाकडे बघत होती ती घरात भागत नव्हतं म्हणून. हे मान्य करणं थोडं जड जातं, पण आकडे तेच सांगतात.

पण आठवणींना खोटं ठरवायची घाईही नको. मान यांच्या वहीत पोरं कशी होती? घरात खाणारी तोंडं एवढ्यापुरती. दुपारी म्हशीवर बसून नदीत उतरणारा मुलगा त्या तक्त्यात नाही. चिंचा पाडायला कुणाच्या झाडावर चढायचं आणि कुणाच्या नाही, हे त्यात नाही. पाणी आणायला जाणाऱ्या मुलीची वाट कुठून जात होती, तेही नाही. आणि शेतांची नावं? ती तर सरकारी कागदावर क्वचितच सापडतात.

ही नावं नीट बघण्यासारखी असतात. सातबाऱ्यावर नंबर असतो. घरात मात्र 'आंब्याचं', 'खळ्याचं', 'म्हसोबाचं', 'थोरल्या विहिरीचं' असंच बोललं जातं. नावात झाड असतं, देव असतो, कधी मेलेला पूर्वज असतो. नंबर रेकॉर्डला राहतो, नाव बोलणाऱ्याबरोबर जातं. प्लॉट विकला गेला की ते नाव उच्चारायचं कारणच उरत नाही.

आणि अजून एक हिशोब करून बघा. मान गावात आले तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता, त्याचा जन्म साधारण १९०५ चा. आज पासष्टीत असलेल्या माणसाचा तो आजोबा. म्हणजे १९१५ चं पिंपळे आपल्यापासून फक्त दोन माणसांच्या अंतरावर आहे. आजोबांनी नातवाला सांगितलं असेल तर ते अजून गावात कुणाच्या तरी डोक्यात आहे. पण तो नातूच आता रिटायर झालाय.

मग गावाचं शहर कसं झालं?

हा भाग बऱ्याच जणांना माहिती आहे, त्यामुळे पटकन. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, औषधं बनवणारी देशातली पहिली सरकारी कंपनी. पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. त्याआधीच फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प पिंपरीत वसला होता. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. आकुर्डीला बजाज, मग टेल्को. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर पहिले नगराध्यक्ष. १९७२ मध्ये प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महानगरपालिका, १९९७ मध्ये हद्दीत आणखी अठरा गावं. २०११ च्या जनगणनेत शहर १७ लाखांच्या पुढे गेलं होतं.

यात एक गोष्ट मात्र निसटते. या शहरात बालपणाच्या दोन वेगळ्या आठवणी आहेत आणि त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

एक गाववाल्यांची. शाळेतून आल्यावर शेतात डबा घेऊन जायचं, यात्रेला बैलगाडा बघायला घाटात जायचं, आणि एक दिवस शेताच्या कडेला मोजणीवाले आले. प्राधिकरणाने जमिनी घेतल्या, मोबदला आला, काहींचा संपलाही. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत द्या ही मागणी इतक्या निवडणुकांमध्ये फिरली की 'साडेबारा टक्के' हा आकडा इथल्या पोरांनी पाढ्यांच्या आधी ऐकला, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी कॉलनीतली. वडील साताऱ्याहून, लातूरहून, जळगावहून, कोकणातून आलेले. चाळीतली किंवा क्वार्टरमधली दोन खोल्यांची जागा. वडिलांची फर्स्ट शिफ्ट असेल तर पहाटे स्टोव्हचा आवाज, नाइट असेल तर दुपारभर घरात बोलायची बंदी. कारखान्याचा भोंगा झाला की घड्याळ लावायचं. कंपनीची बस, कंपनीची कॅन्टीन, दिवाळीचा बोनस आणि त्यातून आलेली स्कूटर. या मुलांसाठी पिंपरी-चिंचवडचा इतिहास भोंग्यापासून सुरू होतो. आकुर्डीच्या बजाज प्लांटमधलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, तेव्हा अशा घरांमध्ये काय वाटलं असेल ते गाववाल्याला कळेलच असं नाही. तसंच नदीकाठचा मळा गेल्यावर गाववाल्याला काय वाटलं, हे कॉलनीतल्या मुलाला कळायचं कारण नव्हतं.

आता आलेली तिसरी पिढी, टॉवरमधली. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, पिंपळे निलख, रहाटणी, वाकड या पट्ट्यात आलेली. त्यांच्या मुलांच्या आठवणीत लिफ्ट आणि क्लबहाऊस असेल. तेही बालपणच आहे, नाक मुरडायचं कारण नाही.

चाळीस एकर ते एक गुंठा

आता मान यांच्या आकड्यांची साखळी पुढे ओढू. ४० एकर, साडेसतरा एकर, ७ एकर. नंतर एकर हे मापच गेलं आणि गुंठा आला.

एका एकरात ४० गुंठे. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट. म्हणजे गुंठा आणि इथला एखादा टू बीएचके जवळपास सारखेच. मान यांच्या काळात तुकडा लहान झाला की शेतकरी बुडायचा. शहर जवळ आल्यावर उलटं झालं: तुकडा जेवढा लहान, तेवढं गिऱ्हाईक जास्त. ज्याला एकर परवडत नव्हता त्याला गुंठा परवडत होता. त्यातून वाड्या-वस्त्या उभ्या राहिल्या, अरुंद गल्ल्या आल्या, आणि पुण्याकडच्या बोलीत 'गुंठामंत्री' हा शब्द आला. शब्द चेष्टेचा आहे. ज्याच्या पणजोबाला सात एकरात पोट भरता येत नव्हतं, त्याने तेच एकर गुंठ्यांनी विकून गळ्यात साखळी घातली, तर चेष्टा करणाऱ्यांनी एकदा ती ६७ कुटुंबं आठवावीत. अर्थात विकून झालेल्या गुंठ्याचं दुसरं पीक येत नाही, हेही त्याच घरांना नंतर कळलं.

कायद्याने हे रोखायचा प्रयत्न झाला होता. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला, तोच आपला तुकडेबंदी कायदा. एकट्या मान यांच्यामुळे तो आला असं म्हणता येणार नाही, मध्ये तीस वर्षं गेली आणि बऱ्याच जणांनी हा विषय लावून धरला. पण तुकड्यांचा प्रश्न आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या माणसांमध्ये ते होते. पुढे २००१ मध्ये गुंठेवारीची बांधकामं नियमित करण्याचा कायदा आला. आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने शहरी भागातल्या छोट्या तुकड्यांसाठी तुकडेबंदी शिथिल करत असल्याचं जाहीर केलं. ज्या आकड्यांची मान यांना काळजी वाटत होती, त्याच्याही कितीतरी खालचे आकडे आता अधिकृत होत आहेत.

या १९४७ च्या कायद्याची एक खूण चाकणला रोज दिसते, फक्त आपलं लक्ष जात नाही. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी इथल्या कंपन्यांच्या गेटवरचा पत्ता वाचा. 'गट नंबर अमुक' असं लिहिलेलं असतं. या कायद्याखाली विखुरलेले तुकडे एकत्र करायची योजना ज्या गावांत झाली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. शेती वाचवायला केलेल्या योजनेचा नंबर आता वेअरहाऊसच्या पाटीवर आहे.

चाकणला अजून वेळ आहे

पिंपरीतलं शिवार पाहिलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. चाकणचं तसं नाही. इथे मोठे कारखाने यायला लागले नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. फोक्सवॅगनचा प्लांट २००९ चा. म्हणजे जिने भामा नदीच्या पट्ट्यात कांदा काढताना आईच्या मागे सरी तुडवली, ती मुलगी आज तिशी-पस्तिशीत असेल आणि कदाचित त्याच जमिनीवरच्या कंपनीत क्वालिटी विभागात असेल.

चाकण म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात संग्रामदुर्ग येतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला पन्नासहून जास्त दिवस झुंजवलं तो भुईकोट. ते यायलाच हवं. पण चाकणचा दुसरा इतिहास बाजारातल्या कांद्याचा आहे. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेची नोकरी सोडून शरद जोशी इथल्या आंबेठाण गावात १९७७ मध्ये शेती करायला आले. शेतीचा जमाखर्च त्यांनी स्वतः मांडून बघितला आणि तो तोट्यातच येतो हे त्यांच्या लक्षात आलं. तुकडा लहान आहे म्हणून शेतकरी गरीब, असं मान म्हणत होते. जोशी म्हणाले, भाव मिळू देत नाहीत म्हणून गरीब. साठ वर्षांच्या अंतराने, त्याच जिल्ह्यात, दोन माणसांनी शेतकऱ्याची वही तपासली आणि दोघांनाही शेवटच्या ओळीत तोटाच दिसला. चाकणचं कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटना इथून उभी राहिली.

तेव्हा आंदोलनात मोठ्यांच्या मागे गेलेली मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांनी काय पाहिलं ते कुणी विचारलंय का, हा साधा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये हे लोकांनी स्वतः केलं

ब्रिटनमध्ये गावाचा इतिहास लिहिणं हे फक्त प्राध्यापकांचं काम राहिलं नाही. जॉर्ज इवर्ट एव्हन्स नावाचा लेखक सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल गावात राहायला गेला. त्याची बायको तिथल्या शाळेत शिक्षिका होती. शेजारचे म्हातारे लोक घोड्यांनी शेती करण्याचे दिवस सांगायचे, ते त्याने लिहून घेतलं. १९५६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. ट्रॅक्टर येण्याआधीची शेती हाताने केलेली ही शेवटची पिढी आहे, एवढंच त्याच्या लक्षात आलं होतं. १९६५ मध्ये तिकडच्या महिला मंडळांनी संघटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गावोगावच्या वह्या तयार केल्या. फोटो, दुकानांची बिलं, बसचं तिकीट, कुणाच्या घरात काय शिजतं, असलं सगळं चिकटवून. त्या वेळी ते किरकोळ वाटलं असेल. आज अशा वह्या तिथल्या अभिलेखागारांमध्ये जपून ठेवल्या आहेत.

आपल्याकडे यासाठी लागणारं बरंच सामान आधीच आहे. जुने फेरफार आहेत, त्यात कोणती जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते सालासह असतं. अनेक तालुक्यांचे जुने कागद स्कॅन होऊन सरकारच्या पोर्टलवर आले आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत जनरल रजिस्टर असतं, त्यात मुलाचं गाव, वडिलांचा व्यवसाय आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. एखाद्या गावच्या रजिस्टरमध्ये व्यवसायाच्या रकान्यात 'शेती'च्या जागी 'नोकरी' कधीपासून यायला लागतं, एवढं पाहिलं तरी त्या गावचं अर्धं शतक कळतं. भूमी अभिलेख कार्यालयात गावचा नकाशा मिळतो.

क्वचितच सापडतात ती फक्त शेतांची नावं. नकाशाची झेरॉक्स घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि प्रत्येक नंबरवर बोट ठेवून 'याला काय म्हणायचे?' एवढंच विचारायचं. बांध कुणाचा होता यावरून जुनं भांडण निघेल, ते निघू द्यावं. भावकीतली अर्धी माहिती भांडणातच बाहेर येते. आणि आजोबांना विचारून झालं की आजीला वेगळं विचारावं. सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल, पण तुकड्यातुकड्यावर खुरपायला तीच होती.

मान यांचं १९१७ चं पुस्तक इंग्रजीत आहे आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतं. काटे, कुंजीर अशा आडनावांच्या घरांमधल्या कुणाला इच्छा असेल तर आपल्या खापरपणजोबांच्या वेळचं शिवार त्यात बघता येईल.

आणि ते रिजमाँट? तेही बदललंय. गावाजवळून एम-वन हा मोठा हायवे गेला आणि तिथे अ‍ॅमेझॉनचं भलंमोठं गोदाम उभं राहिलं. शिफ्ट बदलायच्या वेळी गोदामाच्या गेटवर गर्दी होते. कामाला येणारे बरेचसे बाहेरगावचे असतात.